विहिरीतलं पाणी कुठे जातं

बल्लारपूर

बल्लारपूरला उतरले तेव्हा मार्च नुकता लागला होता आणि सकाळी नऊलाच ऊन पांढरं झालं होतं. पेपर मिलच्या बाजूने ओल्या भुशासारखा वास येत होता. माझ्या पिशवीत दोन साड्या, रंगांची पेटी, कागदाची गुंडाळी आणि एक यादी होती. यादीत भूजल, जलधर, पाणीपातळी, पुनर्भरण, उपसा असे डझनभर शब्द होते. त्या शब्दांची चित्रं काढायला मी साताऱ्याहून आले होते.

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. गावोगावच्या बाटल्या यायच्या, त्यांवर विहिरीचं नाव असायचं आणि ती विहीर मी कधीच पाहिलेली नसायची. हात बरा म्हणून साहेब लोक भिंतीवरचे तक्ते माझ्याकडूनच काढून घेत. निवृत्त होऊन वर्ष झालं आणि सुनंदा रामटेकेचा फोन आला. ही मूल गावची मुलगी. गडचिरोलीच्या खेड्यांत पाण्याचे नमुने घेत फिरते. एकदा प्रशिक्षणाला आली होती तेव्हा माझ्या घरी राहिली होती.

"मॅडम, बायांना जमिनीतलं पाणी समजावून सांगाचं आहे," ती म्हणाली. "पुस्तकातले शब्द वाचले का झोपाच काढून राह्यल्या. तुमी चित्रं काढा. याल का?"

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

स्टेशनावर ती शकूरभाऊंना घेऊन उभी होती. शकूरभाऊ हातपंपाचे मिस्त्री. साठीला टेकलेले, दाढी मेंदीने लाल, हाताला ग्रीसचा कायमचा काळा रंग. आमचा सगळा प्रवास त्यांच्या टेम्पोतून व्हायचा होता. आधी त्यांनी घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने वांग्यात सुके झिंगे घातले होते, सोबत मोकळा भात. "वरतून सांबार टाकू?" तिने विचारलं. भातावर सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, असं समजून मी ताट पुढे केलं. तिने मूठभर कोथिंबीर पेरली. सुनंदा हसता हसता पाणी प्यायला उठली.

जेवण झाल्यावर शकूरभाऊंनी अंगणातला एक लांब पाईप उभा धरून मला पहिला धडा दिला.

"जमीन वरतून ढिली असते. माती, मुरूम. तिथी नुसतं भोक पाडलं त बाजूचं सगळं आत येते. म्हणून हा पाईप घालाचा. याले केसिंग म्हणते. खाली पक्का दगड लागला का केसिंग खतम. मंग दगडालेच भोक."

"आणि दगडात पाणी कुठून येतं?"

"भेगीत राह्यते. भेग भेटली त पानी, नाई भेटली त हवा."

यादीतल्या 'जलधर' या शब्दापुढे मी लिहिलं: भेग भेटली तर पाणी.

आलापल्लीच्या पुढे

आलापल्लीनंतर साग सुरू झाला. मला साग म्हणजे हिरवागार, मोठ्या पानांचा असाच डोळ्यांपुढे होता. मार्चमध्ये तो उघडा असतो. मैलोगणती राखाडी खोडं सरळ उभी, खाली वाळक्या पानांचा थर, आणि मध्येच एखादा पळस असा पेटलेला की नजर तिथून निघेना. ऊन फांद्यांतून गाळून खाली येत होतं. टेम्पोचा आवाजही जंगलाने आत ओढून घेतल्यासारखा वाटत होता. कितीदा तरी मला वाटलं की आपण पुढे जात नाही, खोडंच हळूहळू मागे सरकताहेत.

मग मोहाचा वास आला. गोड, जड, किंचित आंबलेला. बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. शकूरभाऊंनी टेम्पो थांबवला तेव्हा कळलं, हेच गाव. वीस-पंचवीस कुडाची घरं, सारवलेली अंगणं, अंगणांत वाळत घातलेली मोहफुलं. आमच्याकडे अंगणात तुळस दिसते, इथे हा पिवळसर गालिचा. त्यावरून चालायचं नसतं हे मला एका कोंबडीने आधी आणि तिच्यामागे धावलेल्या बाईने नंतर शिकवलं.

गावात पाण्याच्या तीन जागा होत्या. पहिली बोरिंग, म्हणजे हातपंप. त्याला सुनंदाने मागच्या वर्षी लाल रंग लावला होता. त्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं. ते पीत राहिलं की पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडं आखडतात. दुसरी जागा झिरा. नाल्याच्या वाळूत हाताने उकरलेला खळगा, त्यात पाणी पाझरून जमतं. पण झिरा एप्रिलात आटतो. मग लाल रंग असो की काळा, सगळं गाव बोरिंगचंच पाणी पितं.

तिसरी जागा विहीर होती. ती बंद होती.

दुपारी शाळेच्या पडवीत बाया जमल्या. मी कागद पसरून जमिनीचा काप काढला. वर माती, खाली मुरूम, त्याखाली दगड. मुरमात निळे ठिपके भरले आणि त्यांच्या वरच्या कडेला एक रेघ ओढली. "ही पाणीपातळी. पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. पाऊस मुरतो आणि ती परत वर येते, त्याला पुनर्भरण म्हणतात." सगळ्यांचे चेहरे कोरे. मी सुनंदाकडे पाहिलं.

"तुमच्या झिऱ्यातलं पाणी सकाळी काढून टाकता," सुनंदाने विचारलं, "मंग जे नवीन येते, त्याले काय म्हणता?"

"भरून येते," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

मी पुनर्भरण खोडलं आणि 'भरून येणं' लिहिलं.

खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. हातावर, कपाळावर गोंदण. डोळे चित्रावरून हलत नव्हते. सगळ्या गेल्या तरी ती उठली नाही. तिने त्या निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि ते सावकाश कागदाच्या कडेपर्यंत नेलं. मग निघून गेली.

"मैनाबाई मडावी," सुनंदा हळूच म्हणाली. "थे विहीर यांचीच आहे."

बंद विहीर

संध्याकाळच्या आत सुनंदाने मला ती दाखवली. गावाच्या टोकाला, मैनाबाईंच्या शेताच्या कडेला मातीचा उंचवटा होता. त्यावर गवत उगवून वाळलं होतं. खाली सागाचे ओंडके आडवे टाकलेले. कठडा कधी नव्हताच, विहिरीचं तोंड जमिनीच्या पातळीलाच होतं.

मैनाबाईंच्या नवऱ्याने ती खोदली होती. पाणी चांगलं लागलं, गाव तिथूनच पिऊ लागलं. त्यांची धाकटी मुलगी जानी दहा वर्षांची होती. एका सकाळी बादली ओढताना काठावरून तिचा पाय घसरला. बापाने तिला बाहेर काढलं आणि त्याच दिवशी विहिरीवर ओंडके टाकले. तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. विहिरीचं नाव कोणी काढत नसे. गावाने बोरिंग मागून घेतली आणि तिचं पाणी पीत राहिलं.

"मी दोन वर्षांपासून विचारू विचारू करून राह्यली," सुनंदा म्हणाली. "हिंमत नाई होत, मॅडम. गावचे लोक म्हणते, बाईनं सांगतल्याशिवाय आमी हात नाई लावत. अन् त्या पोराईचे दात पाहा. काय करू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई स्वतःच आल्या. मी झिऱ्यावर बायांची चित्रं काढत बसले होते. धुकं नव्हतं, पण नाल्यावर मोहाखाली जाळलेल्या पाल्याचा धूर आणि कोवळं ऊन मिळून तसंच काहीसं झालं होतं. पाण्याला गोंडीत येर म्हणतात हे मी त्या बायांकडून नुकतंच शिकले होते. मैनाबाई माझ्या शेजारी वाळूत बसल्या.

"बाई, तू पाण्याची शिकलेली आहेस म्हणते. मले एक सांग. त्या विहिरीत आता जे पाणी आहे, थे तेच आहे का?"

मला लगेच समजलं नाही.

"जानी गेली तेव्हाचं. थेच पाणी अजून तिथी आहे का?"

मागून सुनंदा कुजबुजली, "नाई म्हणा, मॅडम." उत्तर सोपं होतं. पण नोकरीभर मी बाटलीत जे दिसलं तेच लिहिलं होतं, आणि या बाईला अर्धं सांगावंसं वाटेना.

"तुम्ही झिरा रोज उपसता," मी म्हटलं. "कालचं पाणी कुठे जातं?"

"खाली. वाळूतून नाल्याले."

"विहिरीचंही तसंच. विहीर हौदासारखी नसते, मैनाबाई. पाणी जमिनीत चालत असतं, आपण फक्त वरून भोक पाडून बघतो. तुमची विहीर मुरमात आहे. दर पावसाळ्यात नवं पाणी येतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. ते झिरपत नाल्यात जातं, नाल्यातून नदीत."

"सगळं?"

मी सुनंदाकडे पाहिलं नाही. "सगळं नसेल. थोडं खालच्या दगडाच्या भेगेत अडकून राहतं. ते वर्षानुवर्षं राहू शकतं. बोरिंगचं पाणी तसलंच. दगडात फार दिवस राहिलेलं, म्हणून त्यात दगडाचे गुण उतरतात."

त्यांनी झिऱ्याकडे पाहिलं. एक बाई नारळाच्या करवंटीने गढूळ पाणी काढून फेकत होती. तळाशी नितळ पाणी वर येत होतं, वाळूचे कण त्यात नाचत होते.

"म्हणजे थोडं असन."

"असेल."

"असू दे थोडं," मैनाबाई म्हणाल्या. आणि मग, "बाकीचं जिथी गेलं, थे मले दाखव."

प्राणहिता

असा प्रवास मी पूर्वी कधी केला नव्हता आणि पुढेही करीन असं वाटत नाही. एका विहिरीतलं पाणी ज्या वाटेने गेलं असेल त्या वाटेने आम्ही निघालो. शकूरभाऊ टेम्पो चालवत होते, त्यांच्या शेजारी मैनाबाई, मागे पाईपांवर बसून सुनंदा आणि मी. शकूरभाऊंनी कारण ऐकलं. मग बसायच्या जागेवरची अवजारं काढून तिथे स्वतःचा गमछा अंथरला.

नाला दोनदा रस्त्याला आडवा आला. दोन्ही वेळा मैनाबाईंनी टेम्पो थांबवायला लावला, उतरल्या, पाहिलं, परत बसल्या. दुसऱ्या ठिकाणी पाणी नव्हतंच, नुसती पांढरी वाळू.

"इथी त सुकलं," त्या म्हणाल्या.

"वाळूच्या खालून चाललंय," मी म्हटलं. त्यांनी पायाने वाळू उकरली. वीतभर खाली ती ओली होती. त्यांनी ती ओली वाळू परत झाकली, अंथरूण सारखं करावं तशी.

नाला एका मोठ्या ओढ्याला मिळाला, ओढा जंगलात दिसेनासा झाला, आणि आम्ही अहेरीवरून प्राणहितेच्या घाटावर पोचलो. माझ्या मनातली नदी म्हणजे कृष्णा. घाट, देवळं, घंटा, नावेसारखे वाहणारे दिवे. इथे तसं काहीच नव्हतं. अफाट रुंद वाळू, तिच्यातून जाणारं संथ निळं पाणी आणि पलीकडे तेलंगण, धुरकट रेघेसारखं. माणसं इतकी लांब होती की ती चालताहेत की उभी आहेत ते कळत नव्हतं. वाराही पडला होता. सगळी दुपार झोपेत श्वास घेत असल्यासारखी.

मैनाबाईंनी नदी आधी पाहिली नव्हती असं नाही. लग्नाच्या, जत्रेच्या निमित्ताने त्या कितीदा इथून गेल्या होत्या. पण आज त्या नव्या माणसासारख्या तिच्याकडे बघत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून त्या पाण्यात उतरल्या आणि तिथेच उभ्या राहून गोंडीत बोलू लागल्या. रडणं नव्हतं त्यात. शेजारणीला घरचं सांगावं तसा तो आवाज होता, मध्येच तक्रारीचा, मध्येच हसरा. शब्द आम्हाला कळत नव्हते. 'जानी' तेवढं दोनदा कळलं. शकूरभाऊ पाठ करून वाळूत बसले. सुनंदाने माझा हात धरला होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्या बाहेर आल्या, लुगड्याचा काठ पिळला.

"तिले सांगतलं सगळं," त्या म्हणाल्या. "भावाचं लग्न, बाप गेला थे, घरावर कवेलू टाकले थे. आता चला. उद्या लाकडं काढाची आहे."

विहीर

इतकी वर्षं मातीखाली राहूनही साग कुजला नव्हता. आठ माणसांनी दोर लावून ओंडके ओढले. शेवटचा बाजूला झाला आणि आतून थंड, शिळा श्वास वर आला. मी वाकून पाहिलं. दगडी बांधणीतून पळसाची मुळं केसांसारखी खाली लोंबत होती आणि फार खोल एक काळी टिकली होती, तिच्यात आभाळाचा तुकडा.

दोन तरुण उतरायला तयारच होते. शकूरभाऊंनी अडवलं. त्यांनी बादलीत मेणबत्ती लावून ठेवली आणि बादली सावकाश खाली सोडली. आम्ही सगळे कडेला पोटावर पडून बघत होतो. ज्योत खाली जात गेली, लहान झाली आणि अर्ध्यात अचानक विझली.

"पाह्यलं? तिथी हवाच नाई," ते म्हणाले. "आज उतरला असता त आज गेला असता."

गर्दीत कोणीतरी पुटपुटलं की ही विहीरच माणूस मागते. मैनाबाईंनी ते ऐकलं. मला वाटलं, आता त्या थांबवणार. त्या उठल्या, जवळच्या करंजीची पाल्याने भरलेली भलीमोठी फांदी मोडून आणली आणि शकूरभाऊंपुढे टाकली. "हवा नसन त हवा घाल."

दिवसभर फांद्यांचे भारे दोराला बांधून विहिरीत खाली-वर, खाली-वर चालले. वरून पाणी शिंपडायचं, पुन्हा फांद्या. माझे हात सोलले, शिवाय वाकताना चष्मा विहिरीत गेला. उरलेला सगळा प्रवास मी धूसर पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्या जंगलाला ते शोभलंही. दुपारी एका घरून लाखोळीची डाळ आणि भात आला, तो पळसाच्या पानावर उभ्या उभ्या खाल्ला. दुसऱ्या सकाळी मेणबत्ती पार तळापर्यंत जळत गेली. तेव्हाच शकूरभाऊंनी मान हलवली.

दोन दिवस गाळ निघत राहिला. काळा, लोण्यासारखा गाळ. त्यात फुटके गुंड, म्हणजे इकडचे हंडे, एक बादलीची कडी, फिकट पांढरे बेडूक. माझा चष्माही आला, एका काचेचा. दुसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली, "झरा लागला!" पूर्वेकडच्या दगडाच्या सांध्यातून पाणी आत येत होतं. मनगटाएवढी धार. वर दोघी बायांनी पदर तोंडाला लावला. सकाळपर्यंत विहिरीत छातीभर पाणी होतं, अजून गढूळ.

ते चार दिवसांनी निवळलं. सुनंदाने नमुना घेतला, बाटलीत औषधाचे थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. फ्लोराइड जास्त असेल तर हा रंग उडून पिवळा पडतो. मैनाबाईंसकट सगळं गाव त्या बोटभर बाटलीकडे डोळे लावून होतं. सुनंदाने ती उन्हात धरली. रंग गुलाबीच राहिला.

"हेच प्यायचं?" कोणीतरी विचारलं.

"आज नाई. दवा टाकून, एकदा उपसून. चंद्रपूरच्या लॅबचा कागद आला का मंग," सुनंदा म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तो कागद मी साताऱ्याला परतल्यावर आला. पाणी पिण्याजोगं होतं.

निघायच्या दिवशी कठड्याचं काम काढायचं होतं. विटा येऊन पडल्या होत्या. शकूरभाऊ टेप घेऊन उभे होते. असल्या कठड्याची उंची किती ठेवायची हे ठरलेलं असतं. माझ्या तक्त्यांवरही ती मी कितीदा लिहिली होती. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात शकूरभाऊ म्हातारीकडे वळले.

"बाई, केवढा बांधू?"

मैनाबाई विहिरीच्या काठाशी आल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि हवेत एका जागी थांबवला. शेजारी एखादं पोर उभं आहे आणि आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय, असा. क्षणभर विचार करून त्यांनी तो आणखी थोडा वर नेला, त्या पोराच्या हनुवटीइतका.

"इथवर," त्या म्हणाल्या. "टाचा उंच केल्या त पाणी दिसन. पण पडणार नाई."

शकूरभाऊंनी गुडघ्यावर बसून टेपचं टोक जमिनीला लावलं आणि पट्टी म्हातारीच्या तळव्यापर्यंत नेली. आकडा त्यांनी विटेवर पेन्सिलीने लिहिला, पुन्हा एकदा मोजला. तोवर मैनाबाईंनी हात जरासुद्धा हलू दिला नाही.